हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. आता गोळी घ्यायची का?

गेल्या आषाढात आई खळ्यातून खाली उतरताना घसरली. पायरी जांभ्याची, पावसानं हिरवी पडलेली. हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. गणपतीपर्यंत प्लास्टर निघालं, ती मोदक वळायला बसली आणि घरातल्या सगळ्यांनी विषय संपला असं धरलं. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र तो संपवला नाही. "नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडतं तेव्हा पायरीबरोबर हाडही तपासायचं," असं म्हणून त्यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रेसारखी तपासणी, करून आणायला सांगितलं. देवगडहून आम्ही त्यासाठी कोल्हापूर गाठलं. आईचं वय ६८. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१, खुब्याचा उणे २.७. खाली लिहिलेलं निदान: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

मग सल्ले सुरू झाले. मावशी म्हणाली, त्या गोळ्यांनी जबडा सडतो. शेजारच्या काकांनी नाचणी आणि कोवळं ऊन सुचवलं. मुंबईच्या भावाचं म्हणणं, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घेतलं की काम भागतं. आणि आई स्वतः म्हणत होती, "माका काय्येक होणा नाय."

यातलं कोणीच पूर्ण चुकीचं नव्हतं, म्हणूनच गोंधळ जास्त होता. त्यानंतरचे काही आठवडे मी डॉक्टरांना विचारत, वाचत, पुन्हा विचारत राहिले. जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण आमच्या वाडीतच आईसारख्या निदान चार-पाच जणी आहेत. औषध कुठलं, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

हाडात नक्की काय बिघडतं

हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेला चिरा नव्हे. शरीर जुनं हाड सतत खरवडून काढतं आणि त्या जागी नवं भरतं. काही पेशी उकरतात, काही भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. तिशीच्या आसपासपर्यंत भरणारे पुढे असतात किंवा बरोबरीत असतात, पुढे उकरणारे हळूहळू वरचढ होतात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि उकरणाऱ्यांवरचा लगाम सुटतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडाची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. दुखत काहीच नाही. मणक्याची बरीच फ्रॅक्चर्ससुद्धा कुणाच्या लक्षात येत नाहीत. "वयानं पाठ वाकली", "उंची जराशी कमी झाली" असं म्हणून ती सोडून दिली जातात. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त उंची घटली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढायला सांगा. आईची साडी अलीकडे जमिनीला लागते हे तिनं आम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

आकडा आणि धोका यांत फरक आहे

टी-स्कोअर तुमच्या हाडाची तुलना निरोगी तरुण हाडाशी करतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. उणे १ आणि उणे २.५ यांच्यामध्ये असेल तर हाड विरळ झालंय, पण अजून त्या रेषेपलीकडे गेलेलं नाही. आकडा एकानं खाली गेला की मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

पण हाड मोडेल की नाही हे आकडा एकटा सांगत नाही. उणे २.६ असलेली ५६ वर्षांची बाई, जिचं कधीच काही मोडलेलं नाही, आणि तोच आकडा असलेली ७५ वर्षांची बाई, जिचा मणका दबलाय आणि जिच्या आईचा खुबा मोडला होता, या दोघींचे रिपोर्ट सारखे दिसले तरी धोका अजिबात सारखा नाही. वय, आधी मोडलेलं हाड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, कमी वजन, तंबाखू, दारू, रूमॅटॉइड संधिवात, तीन महिन्यांहून जास्त घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, हे सगळं मोजायचं असतं. शेफील्ड विद्यापीठात २००८ मध्ये तयार झालेली फ्रॅक्स ही गणनपद्धत याच गोष्टी घेऊन पुढच्या दहा वर्षांत खुबा किंवा दुसरं मोठं हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगते. त्यात भारतासाठी वेगळी मांडणीही आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना "माझा फ्रॅक्स किती?" असं विचारता येतं.

गावात शिबिरं भरतात, टाच एका यंत्रात ठेवायला सांगतात आणि लगेच "हाडं पोकळ झालीत" असा कागद हातात देतात. ती तपासणी पुढे जायची की नाही एवढं सुचवू शकते; निदान त्यावर होत नाही. त्या कागदावर वर्षानुवर्षांचं औषध सुरू करू नका, डेक्सा करून घ्या. उलटही तेवढंच खरं: घरातल्या घरात पडून खुबा मोडला असेल तर डेक्सासाठी थांबायचं कारण नाही. ते मोडलेलं हाडच निदान आहे.

आणखी एक. औषध ठरवण्याआधी थायरॉइड, कॅल्शियम, मूत्रपिंड, ड जीवनसत्त्व, गरज वाटल्यास पॅराथायरॉइड, एवढ्या रक्ततपासण्या व्हायला हव्यात, कारण कधीकधी हाड झिजवणारं कारण भलतीकडेच असतं. सांधेदुखीवर कुणाकडून आणलेल्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर डॉक्टरांना न लाजता दाखवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे आणि स्टिरॉइड हाड पोखरतं.

गोळीनं किती फरक पडतो

सगळ्यात जास्त वापरली जाणारी औषधं बिस्फॉस्फोनेट गटातली. त्यातली अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेतात. ही औषधं उकरणाऱ्या पेशींना आवरतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आधीच मणका दबलेल्या दोन हजारांवर स्त्रिया होत्या. तीन वर्षांत खोटी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १५ जणींचा नवा मणका दबला. खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८ जणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाण शंभरात २.२ वरून १.१ वर आलं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. "धोका निम्मा झाला" हे खरं आहे. शंभरातल्या ८ जणींचा मणका गोळी घेऊनही दबला, हेही खरं आहे. आणि ८५ जणींचा खोट्या गोळीवरही दबला नाही, हेही. गोळी म्हणजे कवच नव्हे. पण खुबा मोडलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली काही पुन्हा न्हाणीपर्यंतसुद्धा आधाराशिवाय गेली नाहीत. शंभरातली एक का होईना वाचते, ती आपली आई असू शकते.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग १९९८ मध्ये आला. त्यात मणका न दबलेल्या स्त्रिया होत्या. ज्यांचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली होता त्यांना फायदा झाला, फ्रॅक्चर्स सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांचा आकडा त्याहून बरा होता त्यांना ठोस फायदा दिसला नाही. गोळी टाळायची की नाही याचं उत्तर मला इथे सापडलं. औषधाचा फायदा तुमच्या धोक्याच्या प्रमाणात असतो. धोका मोठा, तर फायदा मोठा. धोका लहान, तर त्याच गोळीतून मिळणारं थोडकंच, आणि मग आहार-व्यायामावर राहून दोन वर्षांनी पुन्हा मोजणं शहाणपणाचं ठरू शकतं.

मावशीची भीती

जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं हा दुष्परिणाम खरा आहे. पण तो प्रामुख्यानं कर्करोगात, खूप मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांत दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत त्याचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक असं धरतात. दात काढल्यानंतर तो होण्याची शक्यता वाढते. म्हणून औषध सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेले, हलणारे दात काय ते उरकून घ्यावेत. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या पाहिल्या तर ही पायरी चुकवण्यासारखी नाही.

दुसरी भीती मांडीच्या हाडाची. वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मधोमध, फारसा मार न लागता मोडतं. आशियाई वंशाच्या स्त्रियांत हे बरंच जास्त आढळतं, म्हणून हा आकडा आपण नीट पाहायला हवा. कॅलिफोर्नियातल्या लाखभराहून अधिक स्त्रियांच्या २०२० मधल्या अभ्यासानं हिशेब असा मांडला: दहा हजार आशियाई स्त्रियांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याची ९१ फ्रॅक्चर्स टळतात आणि मांडीची अशी ८ होतात. औषध थांबवल्यावर हा धोका लवकर उतरतो. म्हणूनच धोका फार नसेल तर गोळ्यांच्या साधारण पाच वर्षांनंतर, किंवा वार्षिक सलाईनच्या तीन वर्षांनंतर, डॉक्टर औषधाला सुट्टी देण्याचा विचार करतात. बिस्फॉस्फोनेट हाडात साठून राहतं, त्यामुळे सुट्टीतही त्याचा परिणाम काही काळ टिकतो. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवी, बोथट, न थांबणारी दुखणी आली तर "गारठ्यानं धरलं असेल" म्हणून तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

रोजच्या व्यवहारात जास्त त्रास होतो तो अन्ननलिकेला. गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा, पेज, दूध, कॅल्शियमची गोळी, सगळं त्यानंतर. चहाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. जळजळ जुनी असेल, गिळायला त्रास होत असेल, ताठ बसताच येत नसेल, तर ही गोळी त्या माणसासाठी नाही.

अशांना झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून; भाऊ म्हणत होता ते सलाईन हेच. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, ती पॅरासिटामॉलनं आवरते. मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर हे देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढतात. २००७ मधल्या अभ्यासात यानं मणक्याची फ्रॅक्चर्स ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांवर त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर मृत्यूही २८ टक्क्यांनी घटले. घरात कुणाचा खुबा बसवला असेल आणि हाडांचं औषध कुणीच सुरू केलं नसेल, तर ते आवर्जून विचारा.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. चांगलं परिणामकारक, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही कॅल्शियमवर नजर ठेवून देता येतं. पण ते हाडात साठत नाही. ठरलेली तारीख महिनाभर जरी उलटली तरी दाबून ठेवलेली झीज उसळते आणि काहींचे एकापेक्षा जास्त मणके दबतात. मनानं थांबवायचं नाही, थांबवायचंच तर मागोमाग दुसरं औषध घ्यावं लागतं. कोकणात हा प्रश्न फार खरा आहे. तारीख जुलैत पडली, करूळ घाटात दरड आली, औषध घाटापलीकडून यायचं होतं, घरात नेणारं कुणी नाही. हे इंजेक्शन निवडण्याआधी पुढची पाच-दहा वर्षं ते वेळेवर कोण आणणार आणि कोण देणार, हे घरात बसून ठरवा. ते ठरत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

नवं हाड भरणारी औषधंही आहेत. टेरिपॅराटाइड रोज, साधारण दोन वर्षांपर्यंत टोचून घ्यायचं असतं. ज्यांचे मणके दबलेत, हाड फारच खालावलंय, त्यांच्यासाठी ते. ते संपल्यावर बिस्फॉस्फोनेटसारखं काही लगेच सुरू केलं नाही तर कमावलेलं हाड निघून जातं.

नाचणी, ऊन आणि सोलकढी

काकांचा सल्ला टाकाऊ नव्हता. भरणाऱ्या पेशींना भरायला माल लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय. कोरा चहा, तांदळाची पेज, मासळीचं कालवण आणि भात, यात ते भरत नाही. नारळाचं दूध नावाला दूध. कॅल्शियमच्या हिशेबात सोलकढी जवळपास शून्य. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, कपभर दुधात २४० च्या आसपास, दहा ग्रॅम तिळात शंभराहून थोडं जास्त. कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, काट्यासकट चावून खाता येणारे बारीक पेडवे, हे सगळं उपयोगी. नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, तिला मोड आणले तर थोडं अधिक लागतं. आईचा दिवसभराचा हिशेब ७०० च्या पुढे जाईना, म्हणून डॉक्टरांनी जेवणाबरोबर ५०० ची एक गोळी दिली. जेवढी तूट तेवढीच गोळी. कुणी दिवसाला तीन-तीन खातात, त्याची गरज नसते.

ड जीवनसत्त्व कोवळ्या उन्हात फारसं तयार होत नाही. त्याला साधारण अकरा ते तीनमधलं ऊन लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते असतंच कुठे. तपासणीत कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरती. पुढे "ताकद येते" म्हणून दुकानातून आणून खात राहू नये. वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिल्याच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात त्यांचं पडणं आणि मोडणं दोन्ही वाढलं होतं.

वाकणं आणि पडणं

"मी दिवसभर राबते, मला व्यायाम कशाला," हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईचं म्हणणं. पण ते राबणं कसलं असतं? कमरेत वाकून लावणी, हिराच्या केरसुणीनं वाकून केर, विळीवर पुढे झुकून नारळ खवणं, विहिरीवरून हंडा. पाठीतून पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो, आणि ठिसूळ मणका तिथेच दबतो. अमेरिकेत १९८४ मध्ये ५९ स्त्रियांचा एक छोटा अभ्यास झाला. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे मणके नंतर दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे. अभ्यास लहान आहे, तरी फरक डोळ्यांत भरतो. म्हणून योगासनांच्या वर्गात पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आलं की आईनं बसून राहायचं, असं ठरलंय. घरात लांब दांड्याचा झाडू आला. विळी ओट्यावर गेली. ओझं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसायचं, हे शिकायला महिना लागला.

नुसतं चालणं मनाला, हृदयाला चांगलं, पण हाडाची घनता त्यानं फारशी वाढत नाही. हाडाला भार लागतो. ऑस्ट्रेलियात साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या, हाड विरळ झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. पण हे सगळं जाणकार शेजारी उभा असताना. मोडलेला मणका असेल तर फिजिओथेरपिस्टला न विचारता हात लावू नये. आईसाठी त्यांनी सोपं दिलं: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, पडवीचा खांब धरून टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहणं, रबरी पट्टा ओढणं. मांड्यांत बळ आलं की तोल सावरतो.

कारण खुबा बहुतेक वेळा मोडतो तो पडल्यामुळे. आणि पडण्याच्या जागा आपल्याला ठाऊक आहेत. शेवाळलेली पायरी. न्हाणीतला ओला गुळगुळीत दगड. वीज गेलेल्या रात्री लघवीला उठल्यावर लागणारा उंबरठा. झिजलेल्या तळाची चप्पल. मोतीबिंदू झालेला डोळा. झोपेची गोळी, किंवा रक्तदाबाची गोळी घेऊन झटकन उभं राहिल्यावर येणारी भोवळ. यातलं काहीही डेक्सात दिसत नाही, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकावर इलाज फार स्वस्त आहे.

मनगट मोडलेलं, दोन्ही आकडे उणे २.५ च्या खाली, आणि पाठीच्या एक्स-रेत एक जुना दबलेला मणका निघाला, ज्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. एवढं समोर आल्यावर आहार-व्यायामावर भागवायचं की गोळी घ्यायची, हा प्रश्न आईच्या बाबतीत उरला नव्हता. तिला दोन्ही लागणार होतं. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडही सुचवून पाहिलं, रोज टोचून घ्यायला ती तयार झाली नाही. वार्षिक सलाईन किंवा आठवड्याची गोळी यांतून तिनं गोळी निवडली. तिचं कारण साधं होतं: आपल्या हातानं घेता येते, कुणाची वाट बघावी लागत नाही.

दोन दात काढून झाले, हिरडी भरली, मग सुरुवात केली. वार सोमवार, कारण सोमवारी तिचा उपास असतो आणि चहाची घाई नसते. गोळी घेऊन ती तुळशीला पाणी घालते, फुलं काढते, अर्धा तास होतो. खळ्यातल्या तिन्ही पायऱ्या मे महिन्यात घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्या, आणि बाजूला लोखंडी कठडा बसवला. पुढचा डेक्सा दोन वर्षांनी.